सलमानवरून वाद घालायचाय ना, मग नीट घाला: इंदूरकर पिक्चरवाल्यांसाठी

इंदुरात सलमानचा विषय निघाला की दोन मिनिटांत कोणीतरी म्हणतंच, "अरे भिया, आपल्या इंदूरचा पोरगा आहे तो." आहेच, जन्म इथलाच, 27 डिसेंबर 1965, आणि वडील सलीम खान पण मूळचे इंदूरचेच. पण वाद नीट व्हायला पाहिजे असेल तर हा मुद्दा पहिल्यांदा बाजूला ठेवायचा. जन्मगावामुळे पिक्चर चांगलाही होत नाही नि वाईटही होत नाही, आणि एकदा का 'आपला' हा शब्द मधे आला की समोरचा एकतर बोलायला कचरतो नाहीतर मुद्दाम दुप्पट टोचून बोलतो, दोन्हीकडून पिक्चर राहतो बाजूला. मला हे वाद मनापासून आवडतात, छप्पन दुकानला, आपल्या खाऊगल्लीत, उभं राहून होतात ते, गणपतीत आरती झाल्यावर प्रसाद हातात घेऊन होतात ते, लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या मामांशी होतात ते, आणि वाद खरंच रंगला तर घरी येऊन तो पिक्चर परत लावावासा वाटतो. तसा रंगवायचा कसा ते सांगतो.

आधी कशावर बोलतोय ते ठरवून घ्या. पिक्चर चालला का, पिक्चर चांगला आहे का, आणि हिरोने त्यात काय केलं, हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि नव्वद टक्के भांडणं यामुळेच होतात की एक जण पहिल्यावर बोलत असतो नि दुसरा तिसऱ्यावर उत्तर देत असतो. सलमानच्या 2025 च्या 'सिकंदर'बद्दल "सिकंदर पडला" असं एक म्हणतो, तर दुसरा म्हणतो "पण भाईची एंट्री बघितली का", आता हे उत्तर आहे का? नाही, ती वेगळीच गोष्ट आहे, आणि दोघंही बरोबर असू शकतात. अशा वेळी आवाज चढवायचा नाही, सरळ म्हणायचं, "काका, थांबा, आपण कमाईवर बोलत होतो, एंट्रीवर नंतर येऊ." मोठ्या माणसाला असं थांबवलं तर राग येत नाही, कारण तुम्ही त्यांचा मुद्दा खोडत नाही आहात, फक्त रांगेत लावताय.

आता कमाई. इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे म्हणून जरा थांबून सांगतो. समजा तुम्ही मॉलमधे 236 रुपयांचं तिकीट काढलं. शंभरच्या वरच्या तिकिटावर 18 टक्के जीएसटी आहे, म्हणजे त्यातले 36 रुपये टॅक्स, राहिले 200. पूर्ण 236 ला ग्रॉस म्हणतात, 200 ला नेट. या 200 मधला अर्धा भाग थिएटरवाल्याचा. मल्टिप्लेक्सवाले आणि निर्माते यांचं 2009 मधे मोठं भांडण झालं होतं, दोन महिने नवे मोठे हिंदी पिक्चर मल्टिप्लेक्सला लागतच नव्हते, त्यानंतर जो हिशोब ठरला तो असा की पहिल्या आठवड्यात नेटचा 50 टक्के हिस्सा पिक्चरवाल्यांना, दुसऱ्यात 42.5, तिसऱ्यात 37.5 आणि मग 30. म्हणजे पहिल्या आठवड्यात तुमच्या 236 मधून पिक्चरवाल्यांच्या हातात येतात जेमतेम 100. याला शेअर म्हणतात. आता विचार करा, पोस्टरवर जो आकडा छापतात तो जगभरातला ग्रॉस असतो, आणि त्याची तुलना कोणीतरी जुन्या पिक्चरच्या देशातल्या नेटशी करतो आणि म्हणतो बघा रेकॉर्ड तोडला. म्हणून कोणी आकडा फेकला की एकच प्रश्न विचारा, "ग्रॉस की नेट, आणि देशातला की जगातला?" उत्तर आलं नाही तर तो आकडा वादातून बाद, तुमच्या बाजूचा असला तरी बाद.

तसंच 'टॅक्स फ्री'चं. फेब्रुवारी 2025 मधे आपल्या मध्य प्रदेशात 'छावा' टॅक्स फ्री झाला तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं की आता तिकीट खूप स्वस्त होणार. जीएसटीत अर्धा वाटा केंद्राचा नि अर्धा राज्याचा, राज्य सरकार फक्त आपला वाटा सोडू शकतं, म्हणजे 200 च्या तिकिटावर 36 पैकी 18 रुपये सुटतात, बस. त्यामुळे "टॅक्स फ्री होता म्हणून चालला" हे 'छावा'बद्दल म्हणणं मला पटत नाही. घोषणा व्हायच्या आधीच पहिल्या वीकेंडला गर्दी उसळली होती, आणि आपल्याकडे तर आजी-आजोबांना घेऊन पूर्ण घरंच्या घरं गेली.

कमाईत तारीख पण बघायची हे लोक विसरतात. शुक्रवारच्या तुलनेत पहिल्या सोमवारी किती उरलं हा जुना, भरवशाचा हिशोब आहे, सोमवारी अर्ध्याच्या आसपास टिकला तर पिक्चरला जीव आहे समजायचं. पण तो हिशोब सलमानच्या पिक्चरला सरळ लावता येत नाही, कारण त्याचे पिक्चर सणाला येतात. 'सिकंदर' 30 मार्च 2025 ला रविवारी लागला आणि ईद सोमवारी होती, मग सोमवार मोठा दिसणारच. 'टायगर 3' चं उलटं, तो 12 नोव्हेंबर 2023 ला लागला, रविवार आणि ऐन लक्ष्मीपूजन. आता सांगा, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपल्यापैकी कोण घर सोडून टॉकीजला जाणार? तरी पहिल्या दिवशी साधारण 44 कोटी नेट झाले, हे मला मोठं वाटतं, आणि 'सिकंदर'चे साधारण 26 कोटी त्यापुढे फार कमी वाटतात. दोन वर्षं पण झाली नव्हती मधे. एवढी घसरण का झाली हाच खरा प्रश्न आहे आणि वाद तिथे न्यायचा.

(एक लहानशी गोष्ट, बुकिंगच्या ॲपवर सीटा हिरव्या म्हणजे रिकाम्या दिसल्या की "खाली चाललाय" असं म्हणणारे पुष्कळ आहेत. एका मॉलच्या दुपारच्या शोवरून पूर्ण देशाचं सांगता येत नाही. धंद्याच्या हिशोबात देशाचे वेगवेगळे भाग पाडलेले असतात, त्यांना सर्किट म्हणतात, इंदूर हे सीआय म्हणजे सेंट्रल इंडिया सर्किटचं मुख्य ठाणं. इथे मारधाडीचा पिक्चर जसा चालतो तसा दक्षिण मुंबईत चालेलच असं नाही, आणि तिथला इथे चालेल असं पण नाही.)

आता करिअर. कोणत्याही स्टारवर बोलताना पूर्ण करिअर एका वाक्यात गुंडाळायचं नाही, तुकडे करायचे. सलमानचे तर अगदी स्पष्ट तुकडे पडतात. 1989 च्या 'मैंने प्यार किया' पासून जवळजवळ वीस वर्षं तो मुख्य करून प्रेमाचा, घरगुती आणि कॉमेडीचा हिरो होता, 'हम आपके हैं कौन', 'जुडवा', 'हम दिल दे चुके सनम'. मारामारी मधे मधे होती, 'पत्थर के फूल' आहे, 'करण अर्जुन' आहे, पण लोक तिकीट काढायचे ते त्या मारामारीसाठी नाही. ॲक्शन स्टार ही पाटी लागली 2009 च्या 'वॉन्टेड' ने, तेव्हा तो 43 वर्षांचा होता! म्हणून कोणी "तो पहिल्यापासूनच ॲक्शन हिरो" म्हटलं की वर्ष सांगायचं, आणि कोणी "आता वय झालं म्हणून संपला" म्हटलं तरी हेच वर्ष सांगायचं, कारण ज्या वयात लोक ॲक्शन सोडतात त्या वयात त्याने सुरू केली.

वयाचा मुद्दा मला एकूणच कच्चा वाटतो. शाहरुख पण 1965 चाच आणि 'पठाण', 'जवान' दोन्ही त्याने 2023 मधे दिले. सनी देओल 1956 चा, 'गदर 2' आला तेव्हा 66 वर्षांचा. टॉम क्रूझ 1962 चा आणि 2025 मधे पडद्यावर विमानाला लटकलेला आपण सगळ्यांनी बघितला. रजनीकांतचं तर बोलायलाच नको. तेव्हा वय नाही, दुसरं काहीतरी आहे.

माझं मत सांगतो, आणि हे मी कुठेही, कोणाशीही मांडायला तयार आहे. 2009 नंतरच्या सलमानचे पिक्चर बघा. 'वॉन्टेड' तेलुगू 'पोकिरी' वरून, 'रेडी' तेलुगूवरून, 'बॉडीगार्ड' मल्याळमवरून आणि दिग्दर्शक पण तोच, सिद्दीक, 'किक' तेलुगूवरून, 'जय हो' तेलुगू 'स्टालिन' वरून, 'राधे' कोरियन पिक्चरवरून, 'किसी का भाई किसी की जान' तमिळ 'वीरम' वरून. 2009 मधे आपल्यापैकी कोणी 'पोकिरी' बघितला होता? जवळपास कोणीच नाही. ते वेगाने चालणारं, शिट्ट्या मारायला लावणारं दक्षिणेचं रसायन उत्तरेत मोठ्या पडद्यावर सलमानने आणून दिलं आणि ते आपल्याला नवीन होतं. मग टीव्हीवर दिवसभर डब केलेले पिक्चर लागायला लागले, मोबाईलवर फुकट मिळायला लागले, 2017 मधे 'बाहुबली 2' थेट हिंदीत धो धो चालला, मग 'केजीएफ 2', मग 'पुष्पा 2'. म्हणजे जो माल सलमान आणून देत होता तो आता मूळ दुकानातून घरपोच मिळायला लागला. मग नक्कल घ्यायला कोण जाणार? वय 35 असतं तरी हेच झालं असतं.

याला भक्कम करणारा एक मुद्दा आहे तो पाठ करून ठेवा. देशातली नेट कमाई 300 कोटींच्या पुढे गेलेले सलमानचे पिक्चर तीन, 'बजरंगी भाईजान' 2015, 'सुलतान' 2016, 'टायगर जिंदा है' 2017. तिघांपैकी एकही रिमेक नाही. 'बजरंगी' ची गोष्ट विजयेंद्र प्रसाद यांची, ज्यांनी 'बाहुबली'ची लिहिली, पण तो पिक्चर कुठल्या दुसऱ्या पिक्चरचा रिमेक नव्हता. त्यामुळे "रिमेकनेच भाईला मोठं केलं" हे अर्धंच खरं आहे, रिमेकने उभं केलं, पण सगळ्यात वर नेलं ते स्वतःच्या गोष्टींनी. समोरचा म्हणेल 'सिकंदर' पण रिमेक नव्हता मग तो का पडला, हा चांगला प्रश्न आहे आणि असा प्रश्न आला की खूश व्हायचं. माझं उत्तर असं की रिमेक नसला तरी पिक्चर त्याच जुन्या साच्यातला होता, एंट्री, गरिबांचा कैवारी, गुंड उडणार, भाषण, आणि मुरुगदाससारखा दिग्दर्शक असून पण तो साचा मोडला नाही. तुमचं उत्तर वेगळं असू शकतं, पण उत्तर पाहिजे.

आता ॲक्शन बघायची कशी. "फाइट भारी होती" एवढ्याने काही होत नाही. एक फाइट घ्या आणि बघा की हिरोचा चेहरा आणि त्याचं पूर्ण शरीर एकाच शॉटमधे किती वेळा दिसतं. चेहरा जवळून, मग पाठमोरा माणूस उडी मारतो, मग परत चेहरा, असं सारखं असेल तर काम डबलने म्हणजे हिरोच्या जागी उभ्या केलेल्या स्टंटवाल्याने केलंय आणि एडिटिंगने जोडलंय. त्यात पाप काही नाही, सगळे करतात, स्टंटवाल्यांचं ते कामच आहे, पण मग कौतुक कोणाचं करायचं ते कळायला पाहिजे. मग बघा कट किती पटापट पडतात, आणि ठोसा लागायच्या आधी कट पडतो की लागल्यानंतर. आधी पडत असेल तर ठोसा लागलाच नाही, आवाजाने लावलाय.

'टायगर 3' मधली हमामातली फाइट परत बघा, कतरिना आणि मिशेल ली, दोघी टॉवेल गुंडाळून, ओल्या फरशीवर, हातात जे येईल ते घेऊन. त्यात जागा कळते, कोण कुठे उभं आहे ते कळतं, टॉवेल सावरायचा आहे हे पण फाइटचाच भाग होऊन बसलंय. सलमानच्या पिक्चरमधली सगळ्यात जास्त बोलली गेलेली फाइट आणि त्यात सलमानच नाही! हे भाईच्या फॅनला सांगितलं की तो आधी चिडतो आणि मग गप्प बसून विचार करतो.

पण इथेच थांबलात तर तुम्ही अन्याय कराल. कारण सलमानची ताकद ठोशात नाहीच आहे, शरीर कसं वापरतो त्यात आहे. 'दबंग' मधे चुलबुल पांडे गॉगल कॉलरला मागे अडकवतो, एवढीशी गोष्ट, पण पूर्ण माणूस उभा राहतो त्यातून, उद्धट, आळशी, मिश्किल. त्या पिक्चरला लोकप्रिय मनोरंजनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो काय फक्त गुंड उडवले म्हणून नाही. आणि 'सुलतान' मधला आरशाचा सीन. 1998 पासून, 'ओ ओ जाने जाना' गाण्यापासून, सलमानचा शर्ट उतरला की टॉकीज डोक्यावर घेतात लोक. इथे तो बंद खोलीत, आरशासमोर एकटा, शर्ट काढतो आणि खाली सुटलेलं पोट, उतरलेले खांदे, आणि तो स्वतःकडे बघून रडायला लागतो. शिट्टी वाजवायला वर गेलेली बोटं तशीच राहतात. ज्या एका गोष्टीवर पूर्ण करिअर उभं आहे तीच गोष्ट उलटी करून दाखवायला हिंमत लागते, आणि "सलमानला ॲक्टिंग येत नाही" म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हाच सीन दाखवतो. ॲक्शन स्टारचं करिअर मोजायचं तर असे सीन मोजायचे.

मराठी माणसाकडे तर या वादात एक जास्तीची किल्ली आहे, तिचा वापर करा. 'मुळशी पॅटर्न' 2018 चा, प्रवीण तरडेंचा, आणि त्यावरून महेश मांजरेकरांनी 2021 मधे 'अंतिम' केला. दोन्ही बघा, लागोपाठ. जमीन विकून पुण्यात हमाली करायला लागलेल्या शेतकऱ्याचा पोरगा गुंड होतो, गोष्ट तीच. मूळ पिक्चरमधे पोलिसाचं काम उपेंद्र लिमयेंनी केलंय, हिंदीत सलमानने, सरदार इन्स्पेक्टर म्हणून. एक स्टार आला की गोष्टीचं वजन कुठून कुठे सरकतं हे डोळ्यांनी दिसतं, पोलीस मोठा होतो, पोरगा आणि त्याचा बाप थोडे मागे जातात. मला 'मुळशी पॅटर्न' च जास्त आवडतो, बापाच्या भूमिकेतले मोहन जोशी विसरता येत नाहीत. पण 'अंतिम' मधे सलमान हिरॉइनशिवाय, कमी बोलून, दुसऱ्याच्या पिक्चरमधे उभा आहे आणि ते त्याला शोभून दिसतं. कमाई बेताची, पिक्चर मूळपेक्षा कमी, हिरोचं काम चांगलं. तीन प्रश्नांची तीन वेगळी उत्तरं.

नवीन पिक्चर आले की काही ठरलेली वाक्यं ऐकू येतात, ती लगेच तपासायची सवय ठेवा. "आजकाल लोकांना लांब पिक्चर नको", तर डिसेंबर 2025 चा 'धुरंधर' साडेतीन तासांचा, वर ए सर्टिफिकेट, आणि तरी चालला. "स्टार नसेल तर कोणी जात नाही", तर जुलै 2025 मधे 'सैयारा' नवीन पोरांना घेऊन आला आणि कॉलेजची पोरं रडत बाहेर आली. "सणाला लावला की झालं", तर 'सिकंदर' आहेच समोर. एका उदाहरणाने नियम होत नाही, पण नियम मोडायला एक उदाहरण पुरतं.

वागण्याचं थोडक्यात सांगतो. पिक्चर पूर्ण बघितलाय का हे आधी विचारा, रील बघून आलेल्याने एका सीनवर बोलावं, पिक्चरवर नाही. ज्याने बघितला नाही त्याच्यासमोर शेवट सांगू नका, पहिले दहा दिवस तरी. कोर्टकचेरी, लग्न का नाही केलं, कोणाशी काय होतं, हे सगळं बाहेर ठेवा, त्यावर बोलायला लागलात की पिक्चर परत सापडत नाही. "तुम्हाला नाही कळणार" हे तर कधीच म्हणायचं नाही, विशेष करून आत्या-मावशीला, कारण 'मैंने प्यार किया' त्यांनी टॉकीजमधे लाइनीत उभं राहून बघितलाय आणि तेव्हा त्या सलमानमधे नेमकं काय नवीन वाटलं हे त्या जितकं सांगू शकतात तितकं तुम्ही-आम्ही नाही सांगू शकत. त्यांना विचारा. समोरचा अडला की त्याच्याकडून मत मागू नका, सीन मागा, "कोणता सीन आवडला ते सांग", सीन सांगायला लागला की माणूस आपोआप खरं बोलायला लागतो.

आणि ज्याला तयारी करूनच उतरायचंय त्याने या क्रमाने बघावं, 'मैंने प्यार किया', 'वॉन्टेड', 'दबंग', 'सुलतान', 'टायगर 3', 'सिकंदर'. मधे वेळ मिळाला तर 'पोकिरी' हिंदीत डब केलेला मिळतो तो 'वॉन्टेड' च्या आधी बघा, महेश बाबू तीच फाइट कशी करतो आणि सलमान कशी करतो ते शेजारी शेजारी ठेवून. 'मुळशी पॅटर्न' आणि 'अंतिम' ही जोडी मात्र सोडू नका, माझ्यासमोर बसलात तर पहिला प्रश्न मी त्यावरच विचारणार आहे.